मिठाईच्या राज्याखालचे भग्नावशेष

लहान मुलांसाठी म्हणून निर्माण झालेल्या कलाकृतीचा वरवर पाहता काहीच अर्थ लागू नये, तरीही मुलांनी ती मन लावून पाहावी, आणि मुलांना सोबत म्हणून शेजारी येऊन बसलेल्या वडीलधाऱ्या माणसांनी हळूहळू मुलांहूनही गंभीर होऊन तिच्यातील एकेका चित्राचा पंचनामा करावा, हा प्रकार प्रथमदर्शनी कितीही चमत्कारिक वाटला, तरी तो सर्वस्वी नवा नाही. 1865 साली ऑक्सफर्डच्या एका गणिताच्या अध्यापकाने लुईस कॅरल या टोपणनावाने ॲलिस नावाच्या मुलीची विवरातील भ्रमंती लिहिली, तेव्हापासून आजतागायत त्या निरर्थक भासणाऱ्या कथेत कोणी गणित शोधले, कोणी राजकारण शोधले, तर कोणी लेखकाचे मन शोधले. आणि मुलांनी मात्र, या सर्व शोधांची यत्किंचितही दखल न घेता, ती कथा आपली आपण वाचली. आपल्या काळात हे भाग्य ज्या मोजक्या कार्टूनमालिकांच्या वाट्याला आले, त्यांत 'ॲडव्हेंचर टाइम' या अमेरिकन मालिकेला अग्रक्रम द्यावा लागेल. चाहत्यांनी तिच्याविषयी लढवलेल्या तर्कांचे स्वरूप काय, ते तर्क कोणत्या गुणामुळे उत्पन्न झाले, आणि आठ वर्षांच्या मुलापासून त्याच्या आजोबांपर्यंत सर्वांना एकाच वेळी धरून ठेवण्याचे तिचे सामर्थ्य कशात आहे, याची जरा निवांतपणे छाननी करण्याचा येथे मनसुबा आहे.

प्रथम मालिकेची थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. पेंडल्टन वॉर्ड हा कॅलिफोर्नियातील 'कॅलआर्ट्स' या कलासंस्थेत शिकलेला तरुण चित्रकार तिचा जनक. त्याने फ्रेडरेटर या स्टुडिओसाठी काही मिनिटांचा एक लघुपट तयार केला, तो 2007 च्या सुमारास लोकांसमोर आला आणि इंटरनेटवरून हातोहात पसरला. निकलोडियन या वाहिनीने त्याची मालिका करण्यास नकार दिला. कार्टून नेटवर्कने ती संधी साधली, आणि 5 एप्रिल 2010 रोजी मालिकेचा आरंभ झाला. तेथपासून 3 सप्टेंबर 2018 पर्यंत दहा पर्वांत तिचे 283 भाग प्रसारित झाले. प्रत्येक भाग सुमारे अकरा मिनिटांचा, म्हणजे घरात चहा उकळून कपात येईपर्यंत आटोपणारा. पाचव्या पर्वाच्या सुमारास वॉर्डने सूत्रधारपणाची धुरा खाली ठेवली आणि ॲडम म्युटो याने ती उचलली. मुलांच्या कार्यक्रमांच्या वर्गात 2014 सालासाठीचा पीबॉडी पुरस्कार या मालिकेस मिळाला, यावरून तिची योग्यता जाणत्या मंडळींनीही मान्य केली होती, एवढे समजावे.

कथेचा विषय सांगू गेल्यास ऐकणाराला तो बालिश वाटेल. 'ऊऽ' नावाच्या एका मुलखात फिन नावाचा बारा वर्षांचा मुलगा आणि जेक नावाचा पिवळा कुत्रा एका झाडावरील घरात राहतात. कुत्रा बोलतो, वाद्य वाजवतो आणि आपले शरीर हवे तसे ताणून कधी पूल होतो, कधी घोडा. त्यांचे तिसरे भावंड म्हणावे असा बीमो हा एक जिवंत खेळयंत्र आहे. शेजारी मिठाईचे राज्य आहे. त्या राज्याची राणी च्युइंगगमची बनलेली असून शास्त्रज्ञ आहे, आणि तिची प्रजा म्हणजे गोळ्या, बिस्किटे व केक. हजार वर्षे वयाची मार्सेलिन नावाची एक रक्तपिपासू तरुणी आहे, पण ती रक्ताऐवजी वस्तूंचा लाल रंग शोषून तहान भागवते. राजकन्या पळवणारा एक बर्फाचा राजा आहे. तो दुष्ट म्हणावा तर इतका मूर्ख व एकाकी की त्याचा राग येण्याआधी त्याची कीव यावी. या सर्व गोष्टी घडतात त्या स्वप्नातल्यासारख्या. कारण सांगितले जात नाही, आश्चर्य कोणाला वाटत नाही, आणि एका भागात जे जग निघाले त्याचा पुढल्या भागात मागमूसही राहील याची शाश्वती नसते. या स्वैरपणात बाहेरच्या कलावंतांनाही मज्जाव नव्हता; मासाकी युआसा या जपानी दिग्दर्शकाने 2014 साली अन्नसाखळीवर एक संपूर्ण भाग रचला, त्यात नायक स्वतःच पक्षी, जीवाणू, वनस्पती आणि अळी होत जातात.

हा स्वैरपणा निर्मितीच्या पद्धतीतूनच आला होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. पुष्कळशा मालिकांत लेखक आधी संपूर्ण संहिता लिहितो आणि चित्रकार तिच्याबरहुकूम चित्रे काढतो. येथे लेखकवर्ग केवळ दोनतीन पानांचा मसुदा तयार करी, आणि तो दोन चित्रकारांच्या हवाली होई. मग प्रसंगांची मांडणी, संवाद, विनोद, एवढेच काय गाणीसुद्धा तेच चित्रकार स्टोरीबोर्डवर रेखाटता रेखाटता रचीत. त्यानंतर प्रत्यक्ष ॲनिमेशनचे काम दक्षिण कोरियातील स्टुडिओंत होई. या पद्धतीचा परिणाम असा झाला की प्रत्येक भागावर दोन विशिष्ट माणसांच्या स्वभावाचा ठसा उमटला, आणि शब्दांत सांगितल्या न गेलेल्या अनेक गोष्टी पार्श्वभूमीच्या चित्रांत येऊन बसल्या. ज्या कथेत चित्रकारच लेखक आहे, तिच्यात चित्राचा कोपरा हाही वाक्याइतकाच बोलका असतो, आणि प्रेक्षकांच्या तर्कबुद्धीला पहिले आमंत्रण मिळाले ते या कोपऱ्यांतूनच.

मालिकेच्या प्रारंभीच्या शीर्षकदृश्यातच, रंगीबेरंगी राज्यावरून दृष्टी झेपावत जाण्यापूर्वी क्षणभर एक उजाड दलदल दिसते, आणि तीत न फुटलेले बॉम्ब रुतलेले असतात. पहिल्याच पर्वातील एका भागात बर्फाच्या लाद्यांतून जुन्या काळातील कोट-टाय घातलेली माणसे निघतात. जंगलात गंजलेल्या मोटारी आणि जमिनीखाली बुडालेल्या इमारती अधूनमधून दृष्टीस पडतात. कधी पृथ्वीचा गोल दाखवला जातो, तर त्याचा एक मोठा लचका तुटलेला असतो. शिवाय फिन हा जवळजवळ एकटाच माणूस. बाकीची माणसे कोठे गेली, हे कोणी विचारीत नाही. वॉर्डने स्वतःच एकदा सांगितल्याप्रमाणे त्याचे जग वरून मिठाईचे आणि आतून काळोखे आहे. परंतु हे सांगण्याची वाट न पाहता प्रेक्षकांनी निष्कर्ष काढला होता, की ही परीकथेची भूमी नसून आपलीच पृथ्वी आहे, आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी झालेल्या एखाद्या अणुयुद्धानंतर तिच्यावर हे जादूचे जंगल माजले आहे. पुढे मालिकेनेच त्या युद्धाला 'मश्रूम वॉर' असे नाव देऊन हा तर्क खरा ठरवला.

या तर्कपद्धतीला आपल्या प्राचीन शास्त्रात एक नेमके स्थान आहे. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही हे जर निश्चित ठाऊक असेल, तर तो रात्री जेवत असला पाहिजे असे मानल्यावाचून गत्यंतर उरत नाही. मीमांसकांनी या प्रकारास अर्थापत्ति हे स्वतंत्र प्रमाण मानले, तर नैयायिकांनी त्याचा अनुमानातच समावेश केला. दिसणाऱ्या दोन गोष्टींचा परस्परांशी मेळ बसत नसेल, तर तो बसवण्यासाठी न दिसणारी तिसरी गोष्ट कल्पिणे, हे तिचे सार. मिठाईचे राज्य आहे आणि दलदलीत बॉम्बही आहेत. या दोहोंची रुजवात घालायची, तर मध्ये युद्ध कल्पिले पाहिजे. चाहत्यांचा उत्तम तर्क हा नेहमी अर्थापत्तीच्या जातीचा असतो: तो कथेतील पुरावा नाकारीत नाही, उलट इतरांच्या नजरेतून निसटलेला पुरावाही जमेस धरतो, आणि त्याची किंमत म्हणून कमीतकमी नवी गोष्ट मागतो.

हा उद्योग केवळ पोरकट करमणुकीचा आहे, असे मानणाऱ्यांनी त्याची परंपरा पाहावी. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज विद्वानाने 1911 साली शेरलॉक होम्सच्या कथांतील विसंगतींची, जणू ते ऐतिहासिक दस्तऐवज आहेत अशा थाटात, चिकित्सा करणारा निबंध वाचला, आणि त्यातून होम्सभक्तांचा एक संपूर्ण विद्याव्यासंग उभा राहिला. मराठी वाचकाला तर त्याहून मोठा दाखला घरातच उपलब्ध आहे. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' या ग्रंथात विदुर आणि युधिष्ठिर यांच्या संबंधाची फेरतपासणी करताना, विदुर हाच युधिष्ठिराचा जन्मदाता असावा काय, हा प्रश्न महाभारतातील उल्लेखांच्या आधारे मांडला, तेव्हा त्यांनी वापरलेली रीत हीच होती: ग्रंथ काय सांगतो, काय सांगता सांगता थांबतो, आणि तो जेथे थांबतो तेथे कोणती गोष्ट मानली असता बाकीचे सारे सुसंगत होते. विषयाचे गांभीर्य अर्थातच निराळे. पण मौनाचा अर्थ लावण्याची ही भूक एकच आहे, आणि ती ज्या कथेविषयी उत्पन्न होते त्या कथेत खरोखरचे मौन असावे लागते. जी कथा सर्व काही सांगून टाकते, तिच्याविषयी कोणी तर्क करीत नाही.

बर्फाच्या राजाची कहाणी हा या मौनाचा सर्वोत्कृष्ट नमुना होय. पहिली दोन पर्वे हा राजा केवळ टवाळीचा विषय होता. 2011 च्या डिसेंबरात आलेल्या एका जोडभागात फिन आणि जेक यांच्या हाती त्याच्या जुन्या चित्रफिती लागतात. त्यांत काही दुष्ट गुपित असेल या आशेने ते एकेक फीत पाहत बसतात, आणि बाहेर तो राजा आपल्यालाही आत घ्या म्हणून विनवीत असतो. अखेरच्या फितीत दिसतो तो चष्मा लावलेला, सौम्य बोलणारा, सायमन पेट्रिकोव्ह नावाचा पुराणवस्तूंचा अभ्यासक. त्याने उत्तर स्कँडिनेव्हियातून एक प्राचीन मुकुट विकत आणला, वाग्दत्त वधूला हसवण्यासाठी तो सहज डोक्यावर चढवला, आणि त्या क्षणापासून मुकुटाने त्याच्या बुद्धीचा कब्जा घेतला. वधू घाबरून निघून गेली, शरीर निळे पडले, स्मृती गळत गेली, आणि आपण वेडे होत आहोत हे कळत असताना त्याने ही कैफियत चित्रित करून ठेवली. फीत संपते तेव्हा ते दोघे मित्र काही उपदेश करीत नाहीत. त्या म्हाताऱ्याला ते आपल्यात सामावून घेतात, एवढेच.

त्यानंतर 2012 च्या ऑक्टोबरात 'आय रिमेंबर यू' हा भाग आला. त्यात हा राजा मार्सेलिनकडे गाणे रचण्यात मदत मागायला येतो. सोबत आणलेल्या जुन्या कागदांवर त्याच्याच हस्ताक्षरात, बुद्धी जाण्यापूर्वी, त्याने मार्सेलिनसाठी लिहिलेले शब्द असतात. ते काय आहेत हे त्याला समजत नाही. तिला मात्र समजते. तो ते कागद गाण्याचे बोल समजून आनंदाने गात असतो, ती रडत रडत साथ करीत असते, आणि शेवटी युद्धानंतरच्या भग्न शहरात रडणाऱ्या एका लहान मुलीला खेळणे देणारा सायमन क्षणभर दिसतो. पुढल्या वर्षी 'सायमन अँड मार्सी' या भागात तीच पूर्वकथा विस्ताराने आली: सात वर्षांची आजारी मार्सेलिन, तिच्यासाठी कोंबडीच्या सूपचा डबा शोधणारा सायमन, आणि तिचे संरक्षण करायचे तर मुकुट घालावा लागतो व मुकुट घातला तर तिचा विसर पडत जातो, हा त्याच्यापुढील पेच. त्या मुलीला धीर देण्यासाठी तो एका जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेचे शीर्षकगीत म्हणतो. मुलांना ते नुसते गाणे, आणि त्यांच्या आईबापांना ते आपल्या तरुणपणाचा दूरचा आवाज.

ज्या घरात एखादा आजोबा किंवा आजी स्मृतिभ्रंशाने आपल्याच माणसांना ओळखेनाशी झाली असेल, त्या घरात हे भाग कसे पाहिले जात असतील, याची कल्पना करणे अवघड नाही. अनेक प्रेक्षकांनी त्यांचा अर्थ तसाच लावला आहे. मुलाला दिसते ते एवढेच, की हा चमत्कारिक म्हातारा पूर्वी चांगला होता आणि त्याला काही आठवत नाही. मोठ्याला दिसते ते आपले घर. दोघांनाही एकाच अकरा मिनिटांत, एकाच गाण्यातून, आपापल्या वयाला पेलणारा अर्थ मिळतो, आणि कोणाचाही अर्थ दुसऱ्याच्या अर्थाला खोटे पाडीत नाही. सहकुटुंब पाहण्याजोगे म्हणून ज्याची जाहिरात होते असे पुष्कळसे साहित्य वस्तुतः सर्वांना सारखेच निरुपद्रवी असते. त्यात कोणाला काही टोचणार नाही याची दक्षता घेतलेली असते, आणि म्हणूनच कोणाला काही मिळतही नाही. येथे योजना निराळी आहे. पंगतीत प्रत्येकाच्या पानावर एकच पदार्थ वाढला असूनही ज्याच्या त्याच्या जिभेला त्यातील वेगळी चव लागावी, तसा हा प्रकार म्हणता येईल.

कुटुंब हा विषय तर या मालिकेने नकळत, पण फार खोलवर हाताळला आहे. तिच्यातील बहुतेक घरे रक्ताच्या नात्याने बांधलेली नाहीत. फिन हा रानात सापडलेला पोर, त्याला जेकच्या आईवडिलांनी, म्हणजे कुत्र्यांच्या एका दांपत्याने, वाढवले. मार्सेलिनला काही काळ तरी सांभाळले ते सायमनने. उलट, ज्यांचे रक्ताचे नाते आहे ते बाप बहुधा अपुरे पडतात. मार्सेलिनचा बाप पाताळासारख्या एका लोकाचा अधिपती आहे, परंतु तिच्या मनात सलत राहिले आहे ते हे, की त्याने एकदा तिच्या वाट्याचे बटाट्याचे तळलेले काप खाऊन टाकले. या क्षुल्लक फिर्यादीवर तिने रचलेले गाणे ऐकून मुले हसतात, आणि बापमाणसे किंचित वरमतात. फिनला जेव्हा आपला बाप अखेर एका वैश्विक तुरुंगात सापडतो, तेव्हा तो बाप मुलाला मिठी मारण्याऐवजी पळून जातो, आणि त्याला धरून ठेवण्याच्या झटापटीत फिनचा उजवा हात तुटतो. 2014 साली हा भाग आला तेव्हा प्रेक्षकांना धक्का बसला, पण आश्चर्य मात्र सर्वांना वाटले नाही. कारण आधीच्या भागांत समांतर जगातील फिनला यांत्रिक हात दाखवला होता, पूर्वजन्मी तो स्वतः जी मुलगी होता तीही एका हाताने अधू होती, आणि या दोन चित्रांवरून चौकस चाहत्यांनी भविष्य वर्तवून ठेवले होते. येथे तर्काचे आणि भावनेचे कसे सख्य होते पाहा: ज्याने पुरावा जुळवला होता, त्याला तो हात तुटताना दुःख कमी झाले नाही, उलट नियतीची जाणीव झाल्यामुळे ते वाढलेच.

फिन मोठा होतो, हीही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. कार्टूनमधील मुले सामान्यतः दशकानुदशके त्याच वयाची राहतात. फिनला आवाज देणारा जेरेमी शाडा मालिकेच्या आरंभी तेरा वर्षांचा होता. पुढे त्याचा आवाज फुटला, तो निर्मात्यांनी बदलला नाही, तर पात्रालाच त्याच्याबरोबर वाढू दिले, आणि अखेरच्या पर्वात फिन सतरा वर्षांचा झाला. ज्या मुलांनी पहिला भाग आठव्या-नवव्या वर्षी पाहिला, त्यांनी शेवटचा भाग पाहिला तेव्हा तीही त्याच उंबरठ्यावर उभी होती. मालिकेशी जडलेले त्यांचे ममत्व म्हणूनच केवळ बालपणाच्या आठवणीचे नाही, तर सोबत वाढलेल्या भावंडाचे आहे.

आता तर्कांच्या दुसऱ्या जातीकडे वळले पाहिजे, कारण सर्वच तर्क सारख्या योग्यतेचे नसतात. फिन हा वस्तुतः एका रुग्णालयात बेशुद्ध पडलेला मुलगा असून जेक, राणी, राजा, मुलूख हे सारे त्याच्या मूर्च्छित मेंदूतील आभास आहेत, असा एक सिद्धान्त या मालिकेविषयी बराच फैलावला. हाच सिद्धान्त 'पोकेमॉन'मधील ॲश या मुलाविषयीही सांगितला जातो. 'रगरॅट्स' या मालिकेतील तान्ही मुले प्रत्यक्षात नाहीतच, ती एका मोठ्या मुलीची कल्पना आहे, हा त्याचाच सख्खा भाऊ. अशा तर्कांना एक प्रकारचे भयंकर आकर्षण असते यात संशय नाही. निष्पाप गोष्टीच्या तळाशी मृत्यू आहे असे सांगितले, की सांगणारा क्षणभर फार शहाणा दिसतो. परंतु त्यांचा निवाडा करू गेल्यास ते टिकत नाहीत. पहिली गोष्ट, तो सिद्धान्त कोणत्याही कथेला लागू पडतो, आणि जो सर्वांना लागू पडतो तो कोणाचेच स्पष्टीकरण करीत नाही. दलदलीत बॉम्ब का आहेत, या प्रश्नाला "स्वप्न आहे म्हणून" हे उत्तर देणारा, बॉम्ब नसते तरी तेच उत्तर देता. दुसरी गोष्ट, त्याला खोटे ठरवील असा कोणताही पुरावा असू शकत नाही, कारण विरुद्ध पुरावा पुढे ठेवला की तोही स्वप्नातच जमा होतो. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची, ती ही, की सायमनचा त्याग, मार्सेलिनचे अश्रू, फिनचे अपयश यांची जबाबदारी वाहणारे कोणीच उरत नाही. कॅरलने आपली ॲलिस शेवटी जागी केली हे खरे. पण ते स्वप्न लेखकाने आपल्या अधिकाराने कथेत ठेवलेले आहे, वाचकाने बाहेरून लादलेले नाही.

यावरून चाहत्यांच्या तर्कांचे मूल्यमापन करण्याची एक सोपी कसोटी हाती लागते. तर्क मानल्यावर कथेत काही भर पडते की कथेतून काही वजा होते, हे पाहावे. युद्धाचा तर्क मानला की मिठाईच्या राणीची काळजी, तिचे शस्त्रागार, प्रजेवरील तिची कडक नजर, या सर्वांना वजन येते. बेशुद्ध मुलाचा तर्क मानला की या सर्वांचे वजन नाहीसे होते. पहिला तर्क प्रेक्षकाला पुन्हा मालिकेकडे पाठवतो. दुसरा तिची दारे बंद करतो.

निर्मात्यांनीही चाहत्यांच्या या खटाटोपाकडे पाठ फिरवली नाही. जवळजवळ प्रत्येक भागात पार्श्वभूमीवर कोठेतरी हात हलवणारी एक गोगलगाय लपवलेली असे, आणि ती शोधणे हा मुलांचा खेळ झाला होता. 2011 साली एका भागाच्या अखेरीस मालिकेतील सर्वांत भयानक शत्रूने नेमकी तीच गोगलगाय ताब्यात घेतली, आणि खेळ खेळणाऱ्या मुलांना कळून चुकले की आपण ज्याकडे गंमत म्हणून पाहत होतो तेथे कथा दबा धरून बसली होती. बर्फाचा राजा आपल्या पेंग्विनांना गंटर या एकाच नावाने का हाक मारतो, या विनोदाचा उलगडा 2015 मध्ये झाला: कोट्यवधी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या काळात, एव्हरग्रीन नावाच्या एका हिमजादूगाराने कोसळत्या धूमकेतूपासून जग वाचवण्यासाठी तो मुकुट घडवला, आणि ऐनवेळी तो घातला त्याच्या गंटर नावाच्या उपेक्षित शिष्याने. मुकुट धारण करणाराची अंतरीची इच्छा पुरी करतो. शिष्याची इच्छा होती गुरूसारखे व्हावे. आणि गुरूकडून त्याला सदैव ऐकू आले होते ते आपल्याच नावाने केलेले खेकसणे. तो गुरू झाला म्हणजे केवळ तेवढे खेकसू लागला. जगाचा नाश झाला तो एका मुलाने मोठ्या माणसाचे जसेच्या तसे अनुकरण केल्यामुळे, हे तात्पर्य मालिकेने उच्चारले नाही, पण मुलांवर ओरडणाऱ्या कोणत्याही पालकाला ते ऐकू आल्याशिवाय राहत नाही.

याहून मौजेचा प्रकार फिओना आणि केक यांचा. नताशा अलेग्री या मालिकेवर काम करणाऱ्या चित्रकर्तीने फिनच्या जागी मुलगी आणि कुत्र्याच्या जागी मांजर कल्पून काही चित्रे काढली; ती लोकांना आवडली; 2011 साली त्यांवर एक पूर्ण भाग झाला, आणि त्याच्या शेवटी उघड झाले की ही सारी गोष्ट म्हणजे बर्फाच्या राजाने स्वतः लिहिलेली, फिन व जेक यांच्यावरील चाहत्याची कथा आहे. म्हणजे कथेतील सर्वांत एकाकी माणूस हाच तिचा सर्वांत निष्ठावंत चाहता ठरला. 2023 साली याच फिओना-केकची स्वतंत्र मालिका निघाली, तीत बुद्धी परत मिळालेला सायमन, आपल्या काळातले जवळजवळ कोणीही उरले नसताना कसा जगतो, हे दाखवले आहे, आणि ती उघडउघड त्या प्रेक्षकांसाठी आहे जे मूळ मालिका पाहत पाहत प्रौढ झाले. राणी आणि मार्सेलिन यांच्यात पूर्वी प्रेम होते, असा तर्कही 2011 सालापासून एका भागातील तुटक संवादांवरून करण्यात येत होता. 2018 च्या अखेरच्या भागाने त्याला निःसंदिग्ध दुजोरा दिला.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा, की या मालिकेची विचित्रता आणि तिची कौटुंबिक लोकप्रियता या दोन परस्परविरोधी गोष्टी नसून एकाच कारणाची दोन कार्ये आहेत. तिने मुलांना समजावून सांगण्याचा अट्टाहास केला नाही, म्हणून मुलांना स्वतः जुळवण्यासारखे काही उरले. आणि तिने मोठ्यांसाठी मुद्दाम वेगळे, मुलांच्या डोक्यावरून जाणारे विनोद पेरले नाहीत, म्हणून मोठ्यांना मुलांच्याच कथेत आपले दुःख सापडले. अर्थ सांगण्याची घाई नसलेला कथाकार आणि अर्थ शोधण्याची घाई नसलेला प्रेक्षक यांची गाठ पडते, तेव्हाच असे घडते.

पालकांना व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून हा लेख पुरा करतो. अगदी लहान मुलांना या मालिकेतील काही भाग भयप्रद वाटतील, विशेषतः मृत्यूचे मूर्तिमंत रूप असलेला लिच हा शत्रू ज्यांत येतो ते. तेव्हा सात-आठ वर्षांच्या आतील मुलाला ती एकट्याने पाहू देऊ नये. आणि ज्या घरात मुले ती पाहत असतील, त्या घरातील मोठ्यांनी, हे काय वेड्यासारखे चालले आहे असे म्हणून उठून जाण्यापूर्वी, बर्फाच्या राजाच्या चित्रफितींचा तो जोडभाग तरी मुलांशेजारी बसून अवश्य पाहावा, आणि तो संपल्यावर त्याचा अर्थ मुलांना न सांगता त्यांनाच विचारावा.